निळ्या खटक्यांचा कीबोर्ड

१२ नोव्हें., पुसद
कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातलं भंगार निघालं, त्यात जुना कीबोर्ड भेटला. बँकेतून रिटायर झाल्यापासून मले हेच खूळ: जुने कीबोर्ड उघडाचे अन् आतले स्विच कोण्या देशातले ते ओळखाचे. बटणांखाली रुईच रुई, उशी भरली असती. एक बटण उपटलं. स्विचच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह असतं तर जर्मन. इथं आडवी फट, अन् दांडी निळी. म्हणजे जपान, तेही जुना माल! घरात एकटाच हसलो. ‘जे’चा स्विच तेवढा चेंदला आहे.

१३ नोव्हें.
हौशी लोकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. वा वा सुरू. मग फुलसावंगीच्या राठोड मॅडम (रिटायर्ड टायपिंग शिक्षिका, भेट कधी नाही): ‘भाऊ, स्विचच्या टोपणावर कंपनीचं नाव दिसत नाही. ही तैवानची नक्कल हाय.’
साऱ्यांसमोर! जेवणात मन नाही.

१४ नोव्हें.
फोनच लावला. म्हटलं, फोटो खराब आहे. त्या म्हणे, ‘मग घेऊन या ना. फोटोवरून नाडी कायले पाहाची?’

१६ नोव्हें., रविवार
गेलतो. कीबोर्ड चादरीत गुंडाळून, स्कूटरवर. मॅडम गावाबाहेर तांड्यात राह्यतात, म्हातारी आई सोबत. तिले याडी म्हणतात. घरचे सारे कापूस वेचाले गेलेले.
मॅडमनं चष्मा सावरला, चिमट्यानं टोपण उचललं. नाव नाही. माझं तोंड पडलं. मग बाजूचं उचललं. ‘थांबा जी.’ नाव आहे! त्याच्या बाजूलेही आहे. कोण्या मिस्त्रीनं मधात थोडे स्विच बदलले होते, बाकी अस्सल जपानी. अन् मी फोटो नेमका नकलीचा काढलेला. दोघंही हसत सुटलो. आतून याडीनं विचारलं काय झालं. मॅडम म्हणे, ‘पाव्हणा नापास होता होता वाचला.’
चेंदलेल्या ‘जे’साठी त्यांनी आपल्या निळ्या खटक्यांच्या कीबोर्डातला स्क्रोल लॉकचा स्विच उचकटला. म्हटलं, अहो, तुमचा अधुरा होते. ‘हे बटण जिंदगीत कोणी दाबलं? घ्या.’
मग त्यांनी आपल्या कॉम्प्युटरले लावून टाइप करून पाह्यलं. जुना कीबोर्ड नव्या कॉम्प्युटरले जोडाची पिन त्यांच्याचकडं होती, ती मले घरी वापराले देली. मी स्विच पाहाले गेलतो, त्यांची बोटं पाहत बसलो.

१८ नोव्हें.
मॅडमचा मेसेज: ‘जे कसा आहे?’ त्यात भाऊ नव्हतं. दोन डाव वाचला.
बायकोले, शोभाले, जाऊन चार वर्षं झाली. वाईट वाटून घ्यावं की काय, समजत नाही. पण दाढी केली.

२० नोव्हें.
परत फुलसावंगी. मॅडमची पिन आणलती ती वापस द्याची होती. (पोस्टानंही गेली असती.) याडीनं बाजरीची भाकर खाऊ घातली.

२१ नोव्हें.
नागपूरहून पल्लवीचा फोन. ‘बाबा, शेजारच्या काकू म्हणे, फुलसावंगीच्या चकरा लय वाढल्या.’
‘कीबोर्डचं काम होतं.’
‘दोन डाव?’
‘अस्सल-नक्कल वेगळं काढाचं होतं.’
पोरगी म्हणे, ‘बरं.’ रागावली की काय, देव जाणे.

२४ नोव्हें.
मॅडमले म्हटलं, रविवारी पुसदले या. ‘कीबोर्ड आणू?’ ‘नका आणू. तुम्हीच या.’ तोंडातून निघून तर गेलं. त्या म्हणे, ‘येतो. पण पहिले पोरीले सांगा. दुसऱ्याकडून समजू नये तिले.’

२५ नोव्हें.
सांगतलं पल्लवीले. सरळ. मले मॅडमचं बोलणं आवडते, त्या आल्या की घर बरं वाटंल. पुढं काय ते मलेच माहीत नाही.
पोरगी म्हणे, ‘आईचा फोटो काढान काय भिंतीवरून?’
‘नाही बापा! काहून काढू?’
‘मग मीही येऊन राह्यली रविवारी.’
‘कायले?’
‘पाहाले.’

३० नोव्हें., रविवार
आल्या दोघीही. नमस्कार झाला, पाणी झालं. पल्लवी मॅडमले म्हणे, ‘चला, गच्चीवर बसू.’ मी उठलो तर मले म्हणे, ‘बाबा, तुम्ही चहा करा.’
चहा उकळून उकळून काळा झाला. न्यावं वर, की हाक येईलोक थांबावं? आत्ताच कोणीतरी हसलं. कोण, ते खालून समजलं नाही. कप तीन काढून ठेवले आहेत.