साडेसातची नोंद

९ फेब्रुवारी
सतरा नंबरच्या केळीच्या बेटात नवं केळफूल! केळी संशोधन केंद्रातले आमचे डॉक्टर सेबुन्या म्हणाले, "नाबुकीरा, हा शेवटचा घड. आधीच्या तिन्हींत एक बी नाही. आता नाही धरली तर बेटच उपटायचं."

उपटायचं! शिजवल्यावर इतकं मऊ केळं अख्ख्या लुवेरो जिल्ह्यात नाही. पण रोगानं पानं काळी पडतात. रोगाला न भिणाऱ्या रानकेळीशी संकर करायचा, तर आधी बी हवी. जगाला बिनबियांचं केळं हवं आणि मी शिडीवर चढून बिया मागतेय!

१२ फेब्रुवारी
घात झाला. सासरे आजपासून इथेच राखणदार! सकाळी साडेसातला मी शिडीवर, हातात रानकेळीचे पराग — आणि खालून त्यांचा खोकला. आमच्यात सून सासऱ्याच्या नजरेसमोर येत नाही, आणि मी तर त्यांच्या डोक्यावर! धडपडत उतरले, खोडांमागे दडले. मामंजी तिथेच बसून निवांत भुईमूग फोडत राहिले. उठले तेव्हा अकरा वाजले होते. मग घाईघाईनं फुलांना पराग लावले.

वहीत काय लिहू? पराग लावायची ठरलेली वेळ, साडेसात, तीच लिहिली. नान्तेगे माझ्या जोडीला असते. ती म्हणाली, "लिही गं! केळ काय घड्याळ बघतेय?"

१८ फेब्रुवारी
आठवडाभर तेच. मामंजी, भुईमूग, अकरा. वहीत साडेसात. लाज वाटते.

३ जून
घड पिकला. लगदा चाळणीवर चोळत होते. बोटाला टणक लागलं. खडा असेल म्हटलं. पुन्हा लागलं! नऊ बिया!! पाण्यात टाकल्या, सात बुडाल्या — म्हणजे भरलेल्या. आमच्याकडे लग्नात बायका मारतात तशी नान्तेगेनं किलकारी मारली. डॉक्टर चिखलात नाचले.

मग म्हणाले, "या खेपेला वेगळं काय केलंस?"

"काही नाही सर. साडेसातलाच, नेहमीसारखं."

बोलून गेले.

४ जून
वेगळी होती ती फक्त वेळ, अकराची. खरं सांगावं तर नोकरी जाईल. न सांगावं तर ते पुन्हा साडेसातलाच करायला लावतील, पुन्हा बी धरणार नाही, आणि सगळे म्हणतील की त्या नऊ नशिबानं आल्या.

५ जून
गुडघे टेकून सांगितलं सगळं. डॉक्टरांनी वही आपटली. मग कडाडले — "तुझ्या आकड्यांवर मी अहवाल लिहितो, बाई! आणि तू खुशाल खोटी वेळ टाकतेस?" रडू आलं. "पण लपलीस कशाला?" मामंजींचं सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा निवळला. "माझी बायको माझ्या वडिलांना चुकवायला एकदा कपाटात शिरली होती," म्हणाले.

नोकरी राहिली! मामंजी उद्यापासून फाटकावर. सतरा नंबरच्या पुढच्या तीन घडांना अकराला पराग लावायचे, नोंदीवर दोघींच्या सह्या. नान्तेगे कुरकुरली, "तुझ्या सासऱ्यापायी मला शिक्षा!"

२ नोव्हेंबर
तिन्ही घड चोळून झाले. बिया मिळाल्या — सहा. अकरा. चार. सतरा नंबर राहणार!

मग डॉक्टर कचेरीतल्या फळ्याकडे गेले; त्यावर बाद ठरवलेल्या केळींची यादी. 'बी न धरणारी' — सदतीस झाडं. सगळ्यांना आजवर फक्त साडेसातलाच पराग लावलेले. त्यांनी अख्खी यादी पुसून टाकली.