चहात आलं जास्त

३ फेब्रुवारी
गोळ्या बंद. उरलेलं पाकीट नासर्डीच्या पुलावरून खाली टाकलं. डॉक्टर म्हणाले होते, "स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, हळूहळू कमी करू. औषध आठवडाभरात अंगातून जातं, पण डोक्याला सवय झालेली असते. एकदम सोडलं तर झटके देतं." देऊ दे. हसलो तर गोळीमुळे, चिडलो तर "गोळी घेतली का रे?" मग मी कुठे आहे यात?
आईशी ठरलं — महिनाभर गोळीशिवाय नीट राहिलो तर माझा दोस्त मल्हारी, त्याच्या ट्रकवर जायचं. इंदूर, जयपूर, कुठेही. "बरं," म्हणाली. इतक्या पटकन?

१२ फेब्रुवारी
आठवडा उलटला. काही झालं नाही. झोप येते, भूक लागते. डॉक्टर लोकांचा नुसता धंदा. हर्षालीला म्हटलं, बघ, तुझा भाऊ गोळीशिवायही माणूस आहे. मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "महिना संपू दे, दादा." बहीण आहे की पोलीस.
पिंपळगावला द्राक्षं भरायच्या कामावर गेलो होतो, दुपारीच सोडून आलो. मुकादम फार बोलतो. येताना एकजण सायकलवर मोठा आरसा नेत होता, त्याच्या मागे मागे पंचवटीपर्यंत गेलो. मुकादमाचं विसरलोच.

१५ फेब्रुवारी
आईचा चहा हल्ली कडू लागतो. आलं फार ठेचते. सांगितलं तर म्हणे, "थंडी आहे. पी गुपचूप."

२१ फेब्रुवारी
सटाणा. मल्हारीबरोबर कांदा भरायला आलोय, तीन दिवस झाले, त्याच्याच घरी. कालपासून डोळे फिरवले की डोक्यात करंट बसतो. चक्कर. मल्हारीची शेळी ओरडली आणि मला रडूच फुटलं. तो त्याच्या अहिराणीत म्हणतो, "काय भाऊ, वायर लूज शे का तुनी?" सगळे हसले. मीही हसलो, मग मोरीत जाऊन ओकलो.
डॉक्टरांना फोन केला. मला एवढंच विचारायचं होतं की हे औषध अंगात राहतं तरी किती. "ते केव्हाच निघून गेलं असेल. नक्की कधी बंद केलीस? मध्ये घेतली होतीस का?" म्हणजे मी खोटारडा. फोन ठेवला.

२४ फेब्रुवारी
घरी. आईने चपला काढायच्या आधी चहा हातात दिला. कसा आहेस वगैरे काही नाही. सकाळी पुन्हा चहा. करंट कमी वाटतो.

२७ फेब्रुवारी
करंट गेला. कळलं मला — ते औषधाचं शेवटचं उरलेलं असणार, जाता जाता लाथ मारून गेलं. आता अंग माझं एकट्याचं. डॉक्टरला काय कळतं.

३ मार्च
जिंकलो. उद्या निघायचं. बॅग भरली. मल्हारी सांगत होता, "तुझी आई विचारत होती, गाडीत सकाळचा चहा कोण करतं. म्हटलं मावशी, ट्रक आहे तो, हॉटेल नाही." सगळ्यांना माझी मजा.

४ मार्च
पहाटे पाणी प्यायला उठलो. आई ओट्याशी पाठमोरी, खलबत्ता वाजत होता. आलं अजून सोललेलंही नव्हतं. खलात पांढरी पूड. शेजारी माझ्या गोळ्यांचं तसंच पाकीट.
"कधीपासून?"
"तू गोळ्या टाकल्यास त्या दिवसापासून. हर्षालीने डॉक्टरांची जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून नव्या आणल्या."
मी खूप बोललो. काय ते लिहीत नाही. हर्षाली दारात उभी राहून रडत होती. आई तेवढं एकच म्हणाली, "मागच्या पावसाळ्यात तुला गोदावरीच्या पाण्यातून ओढून आणलं रे. तू जिंकावंस म्हणूनच घालत होते."
तिने तरीही केलेला चहा मोरीत ओतून दिला. बॅग उचलली, निघालो.

५ मार्च
धुळ्याच्या पुढे धाबा. मल्हारी टायर बघतोय. बॅगेत टॉवेलच्या घडीत पाकीट निघालं, अख्ख्या गोळ्यांचं. डॉक्टरांना फोन लावला, या वेळी सगळं खरं सांगितलं. मग एक घेतली. पाण्याबरोबर, अख्खी.
अख्खी गिळली तर कडू लागतच नाही.