डॉक्टरणीला न सांगितलेले तुझे चांगले दिवस

दुसरीतून तू मला काढलं अन् काहून काढलं ते मरेपर्यंत सांगितलं नाही. पाटी फळीवर ठेवली, मला चुलीपुढे बसवलं, अन् स्वतः भिंतीकडे तोंड करून निजली ती दोन महिने. पयले हे, मंग बाकीचं. माय, मी तुझी मोठी लेक. आता आजी झाली आहे, गुडघे गेले, जीभ शाबूत आहे.

नात लोधीखेड्याच्या शाळेत शिकवते. मागच्या वर्षी ती तशीच भिंतीकडे तोंड करून निजली. इथल्या डॉक्टरनं उदासीची गोळी दिली. महिन्याभरात पोरगी अशी चढली की तीन तास झोपून ताजी, बोलणं थांबेना, नोकरी सोडून गल्लीतल्या सगळ्या पोरींची फुकट शिकवणी काढते म्हणे. आम्ही खूश, गुण आला म्हणून. मंग पुन्हा कोसळली, तेव्हा सौंसरहून बसनं नागपूरला नेली. तिथली डॉक्टरीण म्हणे, हे बायपोलर. एका प्रकारात मन इतकं वर जातं की माणूस भरती करावा लागतो. दुसऱ्यात चढ लहान अन् उतार लांब. नातीचा हा दुसरा. तो चढ घरच्यांना बिमारी वाटतच नाही, म्हणून कोणी सांगत नाही, अन् नुसती उदासीची गोळी कधी उलटी पडते.

"बाई, हे रक्तात दिसते का?" मी विचारलं.

"नाही आजी. रक्त तपासू, थायरॉईड वगैरे तर नाही ना म्हणून. बाकी हे विचारूनच समजतं. तुमच्या घरात कोणाला असं होतं?"

"कोणालेच नाही."

बसमध्ये नात म्हणे, "आजी, चहातली साखर लपवते तसं काही लपवून त नाही राहिली ना?"

"तू खिडकीबाहेर पाह्य," मी म्हटलं.

तुझी भिंत मी सांगितली असती. पण मंग ते दुसरे दिवसही सांगावे लागले असते. तू दोन दिवसांत सारं घर सारवलं, कणकेचे सरगुंडे शिजवून गल्लीभर वाटले, अन् एका सकाळी माझा हात धरून थेट शाळेत. गुरुजी म्हणे, पोरगी लहान आहे. तू म्हटलं, "लहान आहे म्हणूनच आणली, मोठी झाल्यावर मीच पाठवणार नाही." आपल्या गल्लीतून शाळेत गेलेली मी पयली पोरगी. ते दिवसही बिमारीच्या कागदावर गेले त माझ्याजवळ तुझं काय उरते?

निघताना डॉक्टरणीला मी आणखी एक विचारलं, गोळ्यांनी पोरीचं हसणं जाईल का. म्हणे, हसणं राहते आजी, उडून पडणं कमी होते. गोळी बरं वाटलं तरी मनानं बंद करायची नाही, मधून मधून रक्त तपासायचं, झोपेची वेळ चुकवायची नाही. तेव्हापासून डोक्यात एकच फिरून राहिलं. ही गोळी तुला मिळाली असती, त तू मला शाळेतून काढलं नसतं. पण मंग शाळेत टाकलं असतं का?

उद्या पुन्हा नागपूर आहे. मी खोटं बोलली, ते उद्या तिथंच निस्तरीन. भिंतही सांगीन अन् शाळाही, पोरीसाठी. हा कागद पिठाच्या डब्याखाली राहील, तिथं कोणी हात घालत नाही. पण ही अक्षरं मला कोणी दिली, तू का तुझ्या बिमारीनं, हे मी डॉक्टरणीला विचारणार नाही. याचं उत्तर तूच द्यायचं, अन् भिंतीकडून तोंड फिरवून द्यायचं.