पाचशे पानांत संपलेला टोनर

सुनीती,

हडपसरहून ताईकडून आलीस की आधी चहा घे, मग हे वाच.

तुझ्या शब्दकोड्यांच्या प्रती काढताना प्रिंटरचा नवा टोनर पाचशे पानांतच संपला, म्हणून परवा मी तुझ्यावर उगाच तोंडसुख घेतलं. आज खोका घेऊन दुकानदाराशी भांडायला गेलो. त्याने शांतपणे मलाच बारीक अक्षरं वाचायला लावली. पंधराशे पानं निघतात, पण पानाचा शंभरातला पाचच भाग काळा असेल तर! तुझ्या कोड्याच्या पानावर तो पंधरा भरतो. टोनर बिचारा काय करणार?

तू बंद चौकोनांत नुसत्या फुल्या घातल्या होत्यास. ते ठसठशीत काळे करायची अक्कल माझी. आता पुन्हा फुल्याच घालू, म्हणजे पान बरंच स्वस्त पडेल. आणि ऐक, वाचनालयाला आणखी साठ प्रती हव्यात! टोनर आणायलाच निघालोय.

जाताना तू टेबलावर माझ्यासाठी ठेवलेलं कोडं सोडवलं. 'घरातलं शहाणं माणूस, तीन अक्षरं' इथे मी बेधडक माझं नाव लिहिलं. उभे शब्द काही केल्या जुळेनात. खोडून तुझं लिहिलं, सगळं बिनबोभाट बसलं.

श्रीधर