पारालान

११ मार्च
लागला! व्हिडिओ कॉल लागला! फिलिपाईन्समधल्या बेटावरची शाळा आणि आमची वरळी कोळीवाड्यातली, चक्क समोरासमोर. त्यांची पोरंही मासेमारांची. तिथल्या शिक्षिका लीझाबाईंनी मासा दाखवला – "बांगूस". आमचा अख्खा वर्ग ओरडला, "बांगडाऽऽ!" बांगडा नव्हताच तो! पण ऐकतंय कोण?
ठरलं – दोन्ही शाळांनी एकमेकींना आपला इतिहास सांगायचा.

१८ मार्च
आज त्यांची पाळी. आधी पाद्री प्रार्थनेपुरतं शिकवायचे. मग अमेरिकेचं राज्य आलं, बोटीतून मास्तर आले. युद्धात शाळा जळली. गावाने बांबू आणून पुन्हा उभी केली! ती बघून शेजारच्या बेटांनाही हवी झाली. आता प्रांतभर शाळा, हायस्कुलंसुद्धा. पोरांना मराठीत सांगता सांगता मीच हरखून गेले.
त्यांच्या भाषेत शाळेला म्हणतात 'पारालान'. माझ्या वर्गातला स्वरूप ताडकन उभा – "बाई, त्यांची पन पारावर भरायची!" आमची शाळा पिंपळाच्या पारावर सुरू झाली ना, म्हणून. चूक साफ. पण मला सुधारवेना.

२५ मार्च
आमची पाळी. पोरं काय बोलली! शेवटी लीझाबाईंनी विचारलं, "यंदा पहिलीत किती मुलं येणार?" मी आवाज येत नसल्याचं नाटक केलं.
एकही नाव नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "आकांक्षा, मे संपेपर्यंत पाच नावं आली नाहीत तर पहिली उघडणार नाही." आणि पहिली गेली की शाळा खालून संपत जाते.

४ मे
काय दिवस! लीझाबाईंकडे दरवर्षी शाळा उघडण्याआधी गावच येऊन ती झाडतं, रंगवतं. स्वरूपने हे घरी सांगितलं असणार. आज त्याची आजी शेवंताबाई बाजार आटपून आली, मागे बायकांची फौज! "त्या बेटावरच्यांना जमतं, मग आमाला काय धाड भरलीय?" होड्यांचा उरलेला रंग आणलेला. शाळा निळी-पिवळी झाली. मी नाचले, खरंच नाचले!
चहाच्या वेळी म्हटलं, "आता पोरं पण घाला पहिलीत." सगळ्या कप गोळा करायला लागल्या.
शेवंताबाई म्हणाली, "बाई, तुमची ओवी पन यंदा पहिलीलाच ना? कंच्या शालंत?"
दादरच्या इंग्रजी शाळेत. सगळ्यांना ठाऊक होतं. असा राग आला मला तिचा!

५ मे
राग कुणाचा, काढतेय कुणावर!
मयूरला सांगितलं – ओवीला आमच्याच शाळेत घालूया. नवरा माझा, एरवी हो ला हो करणारा. "डोकं ठिकाणावर आहे का? किती खटपटीने मिळाली ती अ‍ॅडमिशन!" मग बोलणंच बंद.
मलाही भीती वाटते. मी शिकवते ते माझ्याच मुलीला पुरेल? दारोदार आयांना मात्र छातीठोकपणे सांगत फिरते – पुरेल!

१४ मे
ओवीचं नाव आमच्याच पहिलीत घातलं. मयूर अजून बोलत नाही. रजिस्टरातून मान वर केली तर वर्गाच्या दारात शेवंताबाई, मागे आया, हाताशी पोरं.
"हां. आता लिवा आमच्यांची."