हौसाबाईचा अंगठा

मंगळवार, संध्याकाळ. कोरेगाव.

उद्या नव्या न्यायाधीशांसमोर हौसाबाईची साक्ष. त्यांच्यापुढे मी अजून एकदाही उभी राहिलेली नाही, म्हणून आज दुपारभर त्यांच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून पाहिलं. आवाज चढवत नाहीत. पण वकील साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालायला लागला की थांबवतात, "त्यांना सांगू द्या."

बाहेर आल्यावर तिथे थांबलेल्या हौसाबाईला म्हटलं, पाठ केलेलं विसरा. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर तुमचा अंगठा कसा आला, ते तुमच्या शब्दांत सांगा.

"अंगठा माजाच हाय. भावानं रेशनकार्डासाठी म्हनून घेतला."

दाव्यात मीच लिहिलंय, अंगठा तिचा नाही.

"आधी का नाही सांगितलंत?"

"आवं वकीलबाई, 'अंगठा तुमचा नाही ना?' असं इचारलं तुमी. मला वाटलं, न्हाईच म्हनायचं असतंय."

असं विचारलं होतं मी? असणार. घाईत होते. त्या एका प्रश्नापायी तिचा वाटा जाईल?

उद्या साक्षीआधी दावा दुरुस्तीचा अर्ज देणार. समोरचे वकील हरकत घेतील, साहेब कदाचित फेटाळतीलही. अर्ज आत्ताच टाइप केला. उशिराचं कारण लिहिलंय: वकिलाची चूक.