सव्वीस इंचांची वाट

९ डिसेंबर, सोमवार

आली एकदाची बातमी! नर्स ब्रॅथवेटचा फोन. शुक्रवारी घर बघायला येणार. घर पसंत पडलं तर माझी नेल नाताळाला घरी, नाही तर सणातही तिथेच, वॉर्डात. सप्टेंबरात मॅक्सी-टॅक्सीनं उडवल्यापासून पोरीनं स्वतःची उशी पाहिलेली नाही. आठ वर्षांचं वय. पाय कधी चालतील, डॉक्टर सांगत नाहीत. खुर्चीवरून फिरायचं, एवढं नक्की.

नर्स म्हणाली, "शुक्रवारपर्यंत घर नीट आवरून ठेवा हं, आजी."

हे मला सांगते! चाळीस वर्षं अख्ख्या गल्लीचे पडदे या हातांनी शिवले. असं आवरते की ती बाई दारातच चप्पल काढेल.

१० डिसेंबर

सकाळीच अरिमाच्या बाजारात जाऊन पडद्यांचं कापड आणलं. मोरपंखी, जरीच्या वेलबुट्टीचं. छतापासून जमिनीपर्यंत सोडणार, शिवाय लोळायला दीड हात जास्त. पिशवीत वर दोन भोपळे ठेवले, कारण एर्मीन फाटकात उभी होतीच. समोरच राहते, आणि दरवर्षी नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंत तिचे-माझे पडदे एकमेकींपासून लपलेले असतात.

"यंदा रंग कुठला गं?"

"पांढरा," म्हटलं. देव माफ करो.

लेनर्डची चौकशी केली. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून तिचा नवरा अंथरुणालाच खिळलाय. "झोपलाय," म्हणाली. नेहमी झोपलेलाच असतो.

११ डिसेंबर

लाकडी हातांच्या चारही मॉरिस खुर्च्यांना वॉर्निश. जमिनीला नवं लिनोलियम. त्यावर कॅन्डिसनं घेतलेला जाड गालिचा. कॅन्डिस, माझी लेक, नेलची आई. ती दिवसा नोकरीवर, संध्याकाळी हॉस्पिटलात, घरी नुसती झोपायला येते. आज गालिच्याला अडखळली आणि म्हणाली, "आई, जरा जास्त होत नाहीये ना?" मी म्हटलं, "नाताळ आहे. जास्तच होतं."

काचेच्या भांड्यांचं कपाट भिंतीपासून पुढे ओढलं, म्हणजे आल्या-आल्या नजरेत भरेल. मधल्या टेबलावर खळ घातलेले क्रोशाचे रुमाल.

१२ डिसेंबर

पाठ गेली. पण काय दिसतंय घर!

१३ डिसेंबर, शुक्रवार

लिहायला हात उचलत नाही.

नर्स ब्रॅथवेट आली ती रिकामी चाकाची खुर्ची ढकलत. गॅलरीच्या दोन पायऱ्यांपाशीच थांबली. आम्ही दोघींनी खुर्ची उचलून वर घेतली. आत चार पावलांवर चाक गालिच्यात रुतलं. मग पडद्यानं चाकाला मिठी मारली, जरीचा एक धागा टर्रकन निघाला. नेलच्या खोलीच्या दारात तर खुर्ची शिरेचना. खुर्ची पंचवीस इंच, वाट चोवीस.

"आजी, मी घर आवरायला सांगितलं होतं ना?"

"मग हे काय केलंय?" मी चिडलेच. "चार दिवस दुसरं काही केलं नाही मी!"

तिनं पडद्याकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं. मग आधी तिला उमगलं, मागून मला. बाई बार्बाडोसची. तिच्याकडे आवरणं म्हणजे सामान उचलून ठेवणं, वाट मोकळी करणं. आमच्या त्रिनिदादमध्ये नाताळाच्या तोंडावर कुणी घर आवरायला सांगितलं की पडदे, वॉर्निश, लिनोलियम, जे आहे त्यावर आणखी! त्या पोरीला हवी होती वाट, आणि मी तीच बुजवली. केर डोळ्यांत आणि फुंकर कानात.

हसली नाही, एवढे उपकार. म्हणाली, "सोमवारी तेवीसला एकदा येते. त्यानंतर सुट्ट्या लागतात. तेव्हाही असंच असेल, तर मला कागदावर ‘नाही’ लिहावं लागेल."

कॅन्डिस आली, ऐकलं, आणि गालिच्यावरच बसून रडली. मला बोलली असती तर बरं झालं असतं.

१४ डिसेंबर

बार्बाडोसवाल्यांना धड बोलता येत नाही.

(नंतर.) नर्सनं खुर्ची इथेच ठेवली आहे. कॅन्डिस गेल्यावर मीच तीत बसले आणि घरभर फिरायचं ठरवलं. फिरले कसली! मधल्या टेबलाशी अडले, कपाटाशी अडले, न्हाणीकडे वळताच येईना. खिडकीतून बाहेर पाहावं म्हटलं, तर पडद्याची दोरी हाताच्या वर. माझ्याच घरात मी पाहुणी झाले, आणि कुणी या म्हणेना.  मग पट्टी आणली आणि बसूनच मापं घ्यायला लागले. चाळीस वर्षं उभं राहून मापं घेतली होती, खालून घर निराळंच दिसतं.

१६ डिसेंबर

सूकदेव सुतार आला. कानावर पेन्सिल, तोंडाला बडबड. दार उघडझाप करून म्हणाला, "मावशी, भिंत फोडायचं नाव काढू नका. उघडं दारच तुमची जागा खातंय. दार आणि चौकटीतली पट्टी काढली की सव्वीस इंच."

"आणि पोरीनं काय उघड्यावर कपडे बदलायचे?"

"ते तुम्ही बघा. पडदेवाल्या तुम्ही."

खरंच की! दोन भागांचा पडदा, मध्ये चीर, खालच्या दुमडीत शिशाच्या गोळ्या. कोपरानं सारला की उघडेल, आपोआप मिटेल. हे मला का सुचलं नाही? कारण मी एर्मीनच्या डोळ्यांसाठी शिवत होते.

१७ डिसेंबर

गालिचा गुंडाळला. मधलं टेबल सूकदेवच्या बायकोला. काचेचं कपाट रिकामं करून मागच्या व्हरांड्यात, त्यातली भांडी आता रोज वापरायची. कॅन्डिसनं चहा काचेच्या सुंदर कपात ओतला आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं. "पी," म्हटलं.

१८ डिसेंबर

आज सूकदेवनं माझ्या मॉरिस खुर्चीचा एक हात कापला.

नेलला चाकाच्या खुर्चीवरून आडवं सरकता आलं पाहिजे, दोन्हीकडे हात असले तर ती सरकणार कशी? ही खुर्ची माझ्या नवऱ्यानं, रेनल्डनं, लग्नाच्या वर्षी केलेली. सूकदेव करवत धरून उभा. "दुसरी नवी करून देऊ का?"

"तेवीसच्या आत?"

"नाही."

"मग काप."

करवतीच्या पहिल्या ओढीला मी तोंड फिरवलं. दुसरीनंतर मीच सांगायला लागले, सरळ धर, वाकडं चाललंय! कापल्या जागी त्यानं पॉलिश मारलं, खाली ठोकळे लावून उंची चाकाच्या खुर्चीएवढी केली. मी उशी नव्यानं शिवली, सरकायला सोपी, खालून चिकटपट्ट्या. बसून पाहिलं. उठताना माझ्या गुडघ्यांनी हूं की चूं केलं नाही. इतकी वर्षं बुटक्या खुर्चीत कशाला रुतत होते कुणास ठाऊक.

२० डिसेंबर

मोरपंखी पडदे खिडकीच्या कडेपर्यंत कापले. जरीची वेल मधोमध तुटली, पण खाली रुंद पट्टी लावली आणि उलट छानच दिसायला लागली. उरलेल्या कापडाची चाकाच्या खुर्चीची उशी, बाजूला दोन खिसे, एक पुस्तकाला, एक पेरूला. दोरी आठ वर्षांच्या हाताला लागेल इतकी खाली.

गॅलरीला उतार झाला. सूकदेवला जेवायला घातलं आणि मक्याच्या पिठातले खिम्याचे दोन पेस्टेल केळीच्या पानासकट बांधून दिले.

२१ डिसेंबर

एर्मीनला राहवेना. आत आली, बोटानं पडद्याची खालची कड उचलली.

"कापड पुरलं नाही का गं?"

"पुरून उरलं."

"आणि ही खुर्ची? हात मोडला वाटतं."

"मोडला नाही, कापला. मीच."

नाक मुरडायचं विसरली.  त्या खुर्चीकडे इतका वेळ का पाहत होती, कळलं नाही. मला वाटलं, हरली.

२३ डिसेंबर, सोमवार

पसंत! पसंत! पसंत!

नर्स ब्रॅथवेट स्वतः खुर्चीत बसली. उतार चढली, दारातून सुळकन गेली, पडदा मागे मिटला. आतून काही आवाजच येईना. मी धावले. ती पडद्याची दोरी ओढून उघडझाप करत होती, लहान पोरीसारखी. म्हणाली, "आजी, अशी घरं मी नवीन बांधलेली पाहिलीत. शिवलेलं पहिल्यांदाच पाहते."

कागदावर सही केली. जाताना म्हणाली, "आता तुमच्या पद्धतीनं आवरा."

तिला काळ्या केकचा अख्खा चौकोन दिला. बार्बाडोसची माणसं तशी चांगली.

२४ डिसेंबर

नेल आली. उतारावर कॅन्डिसनं खुर्चीला हात घालताच ओरडली, "सोड!" आणि स्वतः चढली. बैठकीत, खोलीत, न्हाणीपर्यंत, परत बैठकीत. मग एकहाती खुर्चीवर सरकून बसली, अशी ऐटीत की महापौरबाई! सॉरेलचं लाल सरबत मागवलं. काचेच्या ग्लासात दिलं.

"आजी, कुठ्ठेच धडकले नाही मी."

स्वयंपाकघरात जाऊन मी रडले. आनंदानं, इथे खोटं कशाला लिहू.

२६ डिसेंबर

दोन दिवसांत तीस माणसं येऊन गेली. नाताळची गाणी गाणारे आले, त्यांचा क्वात्रो, म्हणजे छोटी गिटार, वाजवणारा एकहाती खुर्चीवर बसला तो उठेचना, वाजवताना कोपर अडत नाही म्हणे! चौघींनी आखूड पडद्यांची मापं विचारली. गल्लीत यंदा माझ्याच घराचं नाव. एर्मीन तेवढी फिरकली नाही. तिच्याकडचे पडदे जमिनीवर लोळताहेत, दिवसाही मिटलेले. जळते मेली, दुसरं काय.

२८ डिसेंबर, शनिवार

एर्मीन आली, मागच्या दारानं. हातात दोरा, दोन गाठी मारलेला. "हे लेनर्डच्या खोलीचं दार," म्हणाली. "अंथरुणाला खिळलाय असं मीच सांगते गं सगळ्यांना. बसतो तो. खुर्ची आहे त्याला, दोन वर्षं झाली. दारातून निघणारच नाही असं मी धरून चालले, आणि पुढे सगळं सामान. त्यानं एकदा विचारलं होतं, सामान हलवशील का म्हणून. मी म्हटलं, नाताळ होऊ दे."

दोन गाठींमधला दोरा पट्टीवर धरला. सव्वीस इंच. दार काढायचीसुद्धा गरज नाही, अडलंय ते नुसतं सामान.